इस्त्रीखालची नावं

एझ्झहरा, ट्यूनिस
९ ऑक्टोबर २०२२

प्रिय नजिया मावशी,

पाकीट उघडल्यावर तू आधी कापड काढशील आणि चिठ्ठी 'मग वाचू' म्हणून फ्रिजवर ठेवशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून चिठ्ठी मुद्दाम सगळ्यात वर ठेवली आहे. बस, आणि आधी वाच.

फोनवर तुला कशी आहेस विचारलं की 'बरी आहे, अल्लाची कृपा' म्हणतेस आणि लगेच माझ्या जेवणाची चौकशी सुरू करतेस. म्हणजे तू बरी नाहीस. काका जाऊन दोन वर्षं झाली. तुझा अनीस सांगत होता, सूसहून तो येतो तेव्हा तुझं अंगणाचं दारसुद्धा लावलेलं असतं. तर मी तुला काम पाठवते आहे. नाही म्हणायचं नाही, मला खरंच गरज आहे.

आमचं कॉल सेंटर बंद पडलं ते तुला माहीत आहेच. मी घरी एक कापायची मशीन घेतली आहे. टेबलावर मावते. रबरासारखा पातळ रंगीत ताव असतो, त्याला व्हिनाइल म्हणतात. मशीनला नाव सांगितलं की ती त्या तावातून ते कापून देते, तेही उलटं, आरशात दिसावं तसं. मग भोवतीचा नको तो भाग मी आकड्यानं सोलून काढते. उरतं ते नाव, एका पारदर्शक कागदावर चिकटलेलं. ते कापडावर ठेवून इस्त्रीनं दाबलं की नाव कापडावर बसतं आणि कागद सोलून टाकायचा. इथल्या बालवाडीनं सगळ्या मुलांसाठी नावांची लाळेरी मागितली आहेत. शिवणार कोण? माझा टाका कसा असतो, ते तूच सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरतेस.

लाळेरी शिवायची आणि नावं दाबायची. एवढंच. पण इस्त्रीची वाफ बंद ठेव. इस्त्री फिरवायची नाही, दाबून धरायची. पलंगावर नाही, कडक जागेवर. वर बटर पेपर ठेव. आणि पारदर्शक कागद वरच्या बाजूला. वरच्या. खाली रेघ मारली आहे, बघ.

महदियाच्या शेअर टॅक्सीवाल्या मुन्सिफकडे पाकीट देते आहे. उत्तर त्याच्याच हाती पाठव. लिहूनच पाठव. कागदावर तुला थापा मारता येत नाहीत.

तुझी,
इब्तिसाम

.

महदिया
२१ ऑक्टोबर

लाडके इब्तिसाम,

महदियाच्या बाईला तू चिकटवायला सांगतेस! तुझ्या आजीनं नवरीच्या कुडत्यावर जरीचा एकेक टाका घालताना डोळे घालवले, आणि तिची नात म्हणते, दाबा आणि सोला. बरं झालं ती हे बघायला नाही. लाळेरी शिवून झाली आहेत. काठाला दुहेरी शिलाई घातली आहे. तुझ्या बालवाडीतली पोरं लाळेरं चावून चावून दात पाडतील, पण शिवण उसवायची नाही.

आता नावांचं ऐक. तू खाली रेघ मारली होतीस, ते मी वाचलं होतं. पण चष्मा स्वयंपाकघरात होता आणि मी बैठकीत होते. मला वाटलं, गुळगुळीत बाजू ती खालची. इस्त्री ठेवली, उचलली, तर 'यासीन' इस्त्रीलाच चिकटून वर आला. धूर निघाला. शेजारची नईमा भिंतीवरून ओरडली, "नजिया, काय जळतंय?" मी सुरीनं खरवडायला गेले तर ते रबर तळावर आणखीच पसरलं.

मग काय, माझी पांढरी सफसारी डोक्यावरून अंगभर पांघरली आणि इस्त्री घेऊन जुन्या गावात गेले. वेशीच्या अंधाऱ्या कमानीच्या पलीकडे हसूना नावाचे एक गृहस्थ (सगळे मानानं 'सी हसूना' म्हणतात) इस्त्र्या, पंखे, शिलाई मशिनी दुरुस्त करतात. त्यांनी इस्त्री उलटी धरून बघितली.

"काय भाजत होता हिच्यावर, बाई? मासे?"

"नाव," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"यासीनचं."

"बिचारा यासीन," असं म्हणून त्यांनी इस्त्री तापवली आणि जुन्या सुती फडक्यानं हळूहळू पुसून काढली. तळ परत आरशासारखा. वर म्हणाले, "पुढच्या वेळी पोराला कापडावर ठेवा, सुखरूप राहील."

मला हसू आलं. रस्त्यात हसले गं मी, भर बाजारात.

बाकीची सगळी नावं नीट बसली आहेत. यासीनचं परत कापून पाठव. आणि तुझा नवरा लुत्फी दूध पितो का अजून रात्री? त्याला सांग, पोट बिघडतं.

तुझी मावशी
नजिया

.

एझ्झहरा
६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र लुत्फीला वाचून दाखवलं. तो आता मला रोज विचारतो, आज कोण भाजलं? बालवाडीच्या बाई लाळेरी उलटसुलट करून बघत होत्या. म्हणाल्या, हा हात कुणाचा? मी म्हटलं, महदियाचा. त्यांनी मान डोलावली, पुढे काही विचारलंच नाही.

सोबत यासीन आहे, आणि उशांचे अभ्रे. यावर नावं नाहीत, वाक्यं आहेत, लोक वाढदिवसाला देतात. एक सांभाळ. आपली अरबी अक्षरं एकमेकांचा हात धरून असतात, म्हणून अख्खा शब्द एकदम उचलला जातो, ते सोपं. पण ठिपके सुटे. नको तो भाग सोलताना तेही कधी कधी सोबत निघून जातात, आणि मला दिवे लागल्यावर दिसत नाहीत. दाबण्याआधी तू एकदा वाचून घेत जा.

अनीसला मी सांगितलं, तुझी आई बाजारात हसली. तो म्हणाला, "मग काम पाठवत राहा."

तुझी,
इब्तिसाम

.

महदिया
११ डिसेंबर

लाडके इब्तिसाम,

उशीर झाला, रागावू नकोस. टेबल डगमगत होतं, दाब नीट बसत नव्हता. हे मी सी हसूनांच्या दुकानात सहज बोलले. (शिलाई मशीनचा पट्टा बदलायला गेले होते.) चौथ्या दिवशी त्यांनी जैतुनाच्या लाकडाची एक फळी करून दिली, वर जाड सुती कापड ताणून बसवलेलं, कोपरे घासून गोल केलेले. म्हणाले, "हिच्यावर दाबा, भूकंप आला तरी हलणार नाही." मी म्हटलं, "एवढं कशाला?" तर म्हणाले, "यासीनसाठी."

आता एक घोटाळा सांगते. त्या तुझ्या गिऱ्हाइकीणबाईनं 'माझ्या नवऱ्याला' असं लिहून मागितलं होतं ना? दाबून झालं, सोलून झालं, आणि मग मी चष्मा लावला. त्या शब्दाचे दोन्ही ठिपके गायब! एक वरचा, एक खालचा. मी घाबरले. अभ्रा घेऊन दुकानात गेले, वाटलं, ते तापवून काढता येतं का विचारावं. सी हसूनांनी अभ्रा उजेडात धरला, वाचला, आणि परत एकदा वाचला.

"काय झालं?"

"काही नाही. 'झौजी' लिहायचं होतं, ठिपके गळले आणि 'रूही' झालं. 'माझ्या जिवाला'. नजियाबाई, हे काढू नका. कुठली बायको तक्रार करेल?"

मी म्हटलं, "आणि नवऱ्यानं केली तर?"

"तर त्या नवऱ्याला उशी नकोच, दगड द्या."

आणि मग सांगितलं, त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. तिच्या कपाटात अजून तिची एक शाल आहे आणि ती झटकायला ते दर उन्हाळ्यात बाहेर काढतात. हे सांगताना त्यांच्या हातात कुणाचा तरी पंखा होता, आणि त्यांनी तोच स्क्रू तीनदा काढून तीनदा बसवला.

अभ्रा तसाच पाठवते आहे. बाईला आवडला नाही तर परत पाठव, मी ठेवून घेईन.

थंडी पडली आहे. समुद्र दिवसभर ओरडतो. पण अंगणाचं दार मी आता उघडं ठेवते.

नजिया

.

एझ्झहरा
२ जानेवारी २०२३

प्रिय मावशी,

नवं वर्ष सुखाचं जावो. अभ्रा बाईनं घेतला! आधी भुवया चढवल्या, मग वाचला, मग म्हणाली, "हे चुकून झालं?" मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "आणखी चार करा, माझ्या चारही बहिणींना."

तेव्हा आता ही चूक आपण मुद्दाम करणार आहोत. तुझ्या त्या इस्त्रीवाल्यांना एक अभ्रा माझ्याकडून भेट दे, त्यांनी सुचवलं म्हणून.

तुझी,
इब्तिसाम

.

महदिया
१५ जानेवारी

लाडके इब्तिसाम,

एक वेगळं काम आहे. माझं नाही, शेजारच्या नईमाचं. तिनं मला विचारायला सांगितलं.

दोन ॲप्रन, जोडीचे. स्वयंपाकघरात घालायचे. एकावर 'न' आणि एकावर 'ह', मोठी सुंदर अक्षरं, खाली डाळिंबाची फांदी. रंग गर्द हिरवा. ती... म्हणजे तिचा विचार चालला आहे परत लग्न करायचा. विधवा आहे, तुला आठवत असेल. एकसष्ट वर्षांची. माणूस चांगला आहे म्हणते. अजून तिनं कुणाला सांगितलेलं नाही, मुलालासुद्धा नाही. मला तिनं विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, मी माझ्या भाचीला विचारते, ती शहाणी आहे, आजच्या काळातली आहे.

तर तुला काय वाटतं? मोकळेपणानं लिही.

नजिया

.

एझ्झहरा
२९ जानेवारी

प्रिय मावशी,

हसून हसून माझा चहा सांडला. नईमाबाई? भिंतीवरून ओरडणाऱ्या? नवरी?

तू मोकळेपणानं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. एकसष्टाव्या वर्षी जोडीचे ॲप्रन घालून काय करणार त्या, एकमेकांची औषधं मोजणार? आणि मुलाचं काय? त्यानं मित्रांना काय सांगायचं, आईच्या लग्नाला या? माणूस एकटा असतो तेव्हा कुणी दोन गोड शब्द बोललं की त्याला तेच प्रेम वाटतं. त्या माणसाला बहुतेक धुणंभांडी करणारी हवी असेल. तू मध्ये पडू नकोस. त्यांना सांग, नातवंडं सांभाळा आणि मालिका बघा.

अक्षरं मात्र छान कापली आहेत, डाळिंबाची पानं फार नाजूक आहेत, जपून सोल. नईमाबाईंना माझ्याकडून भेट.

तुझी,
इब्तिसाम

.

एझ्झहरा
२६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. फोनवर 'हो', 'नाही', 'बरं' याशिवाय बोलत नाहीस. मुन्सिफ म्हणतो, तू पाकीट घेतलंस पण त्याला आत चहाला बोलावलं नाहीस. तू आणि चहाला बोलावलं नाहीस! आजारी आहेस का? माझ्या हातून काही चुकलं का? अभ्रे राहू देत, मला तुझं पत्र हवं आहे.

इब्तिसाम

.

एझ्झहरा
१२ मार्च

मावशी,

काल अनीसचा फोन आला. ओरडत होता. म्हणाला, "हे सगळं तुझ्यामुळं झालं. तुझी कापाकापी, तुझी चिकटवाचिकटवी, आणि ती त्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात जाऊन बसायला लागली. आता लग्न करते म्हणते! तूच तिला समजाव, ती तुझं ऐकते."

मी फोन ठेवला आणि तुझं जानेवारीतलं पत्र काढून परत वाचलं. 'न' आणि 'ह'. नईमा नव्हती ती. नजिया होती. आणि 'ह' म्हणजे हसूना.

मावशी, मी काय लिहिलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतं. आज एवढंच लिहवतं. मी अनीसला काही वचन दिलेलं नाही.

इब्तिसाम

.

महदिया
१९ मार्च

इब्तिसाम,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली.

होय, मी खोटं बोलले. नईमाच्या नावावर खपवलं. तोंडावर विचारायचं धाडस नव्हतं, वाटलं आडून विचारावं. तू हसशील असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी तुझं पत्र वाचून मी ती हिरवी अक्षरं कपाटात टाकली आणि दुकानाकडे जाणंही बंद केलं. त्यांना वाटलं, मी आजारी आहे. नवव्या दिवशी ते दाराशी आले. आत आले नाहीत. अंगणाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "नजियाबाई, तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, मी परत विचारणार नाही. पण इस्त्री बिघडली तर दुसरीकडे नेऊ नका, तो पलीकडचा माणूस तळ घासतो."

या वाक्यावर मी रडले. तू म्हणशील, यात रडण्यासारखं काय आहे.

तू विचारलंस, औषधं मोजणार का. होय, मोजणार. त्यांना रक्तदाब आहे, मला साखर. तू म्हणालीस, त्यांना धुणंभांडी करणारी हवी असेल. इब्तिसाम, तो माणूस नऊ वर्षं स्वतःचे कपडे स्वतः धुतो, आणि इस्त्री तर माझ्यापेक्षा बरी करतो. मला धुणंभांडी करणाराच मिळाला आहे म्हण.

तुझ्या काकांना मी विसरलेले नाही. समुद्राकाठच्या कबरस्तानात मी अजूनही जाते. मागच्या आठवड्यात त्यांना सगळं सांगितलं. वारा फार होता, त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. पण बेचाळीस वर्षं ते माझ्या कुठल्याच गोष्टीला लगेच 'हो' म्हणाले नाहीत, आणि नंतर 'नाही'ही म्हणाले नाहीत.

अनीस म्हणाला, "बाबांच्या घरात परका माणूस नको." मी म्हटलं, घर तुझं आहे, किल्ली तुझी आहे, मी त्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला जाईन. तर म्हणाला, "मग मी येऊन भेटायचं कुणाला? कुलपाला?" आणि फोन ठेवला. त्याच्याशी बोलणं होत नाही. गुरुवारपासून रोजे सुरू होतील, संध्याकाळी रोजा सोडायला मी एकटीच आहे.

तुला काय वाटतं, असं परत विचारत नाही. मला काय वाटतं ते मला कळलं आहे.

नजिया

.

एझ्झहरा
२ एप्रिल

प्रिय मावशी,

रमजान मुबारक. तुझं पत्र आल्यावर मी तुला करायला फोन सात वेळा हातात घेतला आणि ठेवला. मग सूसला गेले.

अनीसच्या घरी रोजा सोडायच्या वेळेलाच पोचले, म्हणजे त्याला दार लावून घेता येणार नाही. त्यानं सूप वाढलं, खजूर दिले आणि म्हणाला, "तिला समजावलंस?" मी म्हटलं, "नाही. तुला समजवायला आले." त्यानं चमचा खाली ठेवला.

खूप बोललो. भांडलो म्हण. तो म्हणाला, "तुझी आई असती तर?" मी म्हटलं, माझी आई असती तर मी तिचं लग्न चार वेळा लावून दिलं असतं, फक्त ती असायला हवी होती. त्यावर त्यानं माझ्यापुढे आणखी खजूर सरकवले. पण 'हो' म्हणाला नाही मावशी, तुला खोटी आशा दाखवत नाही. निघताना फक्त एवढं विचारलं, "तो माणूस बघायला कसा आहे?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी अजून भेटले कुठं.

आता माझं. मी का हसले, त्याचा विचार केला. नईमाबाई असती तरी ते हसणं वाईटच होतं. पण तू आहेस हे कळल्यावर मला आधी लाज वाटली नाही. आधी भीती वाटली. आई गेल्यापासून दर उन्हाळ्यात मी तुझ्या त्या अंगणात येते, मोगऱ्याखाली झोपते, आणि वाटतं की जगात एक जागा अजून जशीच्या तशी आहे. म्हणजे मला तू तिथं, त्या अंगणात, माझ्यासाठी बसून राहायला हवी होतीस. आणि म्हणे, मी तुला घराबाहेर काढायला काम पाठवत होते.

ती हिरवी अक्षरं टाकली नसशील तर बाहेर काढ. टाकली असशील तर मी परत कापते. आणि सी हसूनांना सांग, तुमची होणारी भाची तुम्हाला बघायला येते आहे, चहात चिलगोजे घाला, मी साधा चहा पीत नाही.

तुझी,
इब्तिसाम

.

महदिया
२३ एप्रिल

लाडके इब्तिसाम,

ईद झाली. अनीस आला नाही. सुनेनं फोन करून 'ईद मुबारक' म्हटलं, नात मायारनं तिचा नवा फ्रॉक फोनवर दाखवला. मागून त्याचा आवाज येत होता, पण तो फोनवर आला नाही. मी केलेली ईदची कअक बिस्किटं तशीच डब्यात राहिली. अर्धी सी हसूनांकडे पाठवली, अर्धी नईमाला. तिला मी सगळं सांगितलं, तिच्या नावानं काय केलं तेही. ती आधी भांडली, मग म्हणाली, "मेले, माझ्या नावानं लग्न केलंस तर निदान नवरा तरी बरा निवडलास ना?"

सहा मे, शनिवार, सकाळी नगरपालिकेत लग्नाचा करारनामा आहे. दोन साक्षीदार लागतात. त्यांच्याकडून त्यांचा बाजारातला मित्र आहे, मसालेवाला. माझ्याकडून खरं तर अनीस हवा होता. त्याला मी निरोप ठेवला. तो आला तर तो, नाही आला तर तू सही करशील का? दुसऱ्या नंबरावर तुला ठेवते आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

हिरवी अक्षरं टाकली नव्हती.

नजिया

.

एझ्झहरा
२६ एप्रिल

मावशी,

दुसरा, तिसरा, दहावा, कुठलाही नंबर चालेल. चांगलं पेन घेऊन येते.

इब्तिसाम

.

महदिया
५ जून

लाडके इब्तिसाम,

तू गेल्यापासून लिहायचं राहिलं होतं. तुझी सही करारनाम्यावर फार मोठी झाली आहे, खालच्या ओळीत घुसली आहे. सी हसूना म्हणतात, साक्षीदार असाच हवा, जागा धरून बसणारा.

आता कालचं ऐक. काल रविवार होता. दुपारी ते दुकानात जमिनीवर बसून कुणाचा तरी पंखा उघडत होते, मी मागच्या खोलीत अभ्रे दाबत होते. दारात सावली पडली. अनीस! हातात भली मोठी पिशवी. आधी घरी गेला होता, कुलूप बघितलं, मग नईमानं त्याला वाट सांगितली. नुसती सांगितली नाही, कोपऱ्यापर्यंत सोबत आली, वळेपर्यंत उभी राहिली.

तो उभ्याउभ्याच म्हणाला, "मायारच्या हँडबॉलच्या टीमचे शर्ट आहेत. पाठीवर नंबर टाकायचे आहेत. मी फक्त त्यासाठी आलो आहे."

सी हसूना विचारणार होते, सूसमध्ये दुकानं नाहीत का. मी बाहेर आले होते, त्यांच्या पायावर पाय दिला.

"किती नंबर?" त्यांनी विचारलं.

"एक ते चौदा."

तू दिलेला तो मखमलीसारखा जाड पांढरा व्हिनाइल होता ना, खेळाच्या कपड्यांसाठी, तो काढला. नंबर हातानंच कापले, मशीन नाही म्हणून. सी हसूनांनी पट्टीवर उलटे आकडे आखले, मी कात्री चालवली. अनीस बघत उभा. पहिला शर्ट दाबून झाला आणि त्याला काय घाई, त्यानं लगेच कागदाचा कोपरा धरून ओढला. एकाच्या आकड्याचं टोक कागदाबरोबर वर आलं. त्याचा चेहरा लहानपणी बशी फुटल्यावर व्हायचा तसा झाला.

"बिघडलं नाही," सी हसूना म्हणाले. त्यांनी टोक खाली बसवलं, बटर पेपर ठेवला, परत इस्त्री दाबली. "हा जाड आहे, गार झाल्यावरच सोलायचा."

"किती वेळ?"

"चहा होईपर्यंत."

मग त्याला बसावं लागलं. बसायला पलंगाशिवाय जागा नाही, तू बघितलंच आहेस. त्यानं चहा घेतला. जेवलास का, एवढंसुद्धा मी विचारलं नाही, आणि मला ते किती जड गेलं असेल ते तुला कळेल. शेवटी सी हसूना म्हणाले, "तुमचे वडील एकदा माझ्याकडे रेडिओ घेऊन आले होते. दुरुस्त झाल्यावर म्हणाले, नीट चालतो की नाही बघतो. आणि इथंच बसून अख्खी फुटबॉलची मॅच ऐकून गेले."

अनीसनं पेला खाली ठेवला. "हिरवा रेडिओ? कातडी पट्ट्याचा?"

"तोच. बटण सैल होतं."

"अजून सैलच आहे," अनीस म्हणाला. "माझ्याकडे आहे तो. चालतो."

"चालतो? मग तुमच्या वडिलांनी तो जपला असणार, मी तर जुनाच भाग घातला होता." त्यावर दोघं त्या भागाबद्दल बोलायला लागले, मला काही कळलं नाही, मी शर्ट उचलला, तो गार झाला होता. कागद सोलला. आकडा व्यवस्थित बसला होता.

पुढचे शर्ट अनीसनंच दाबले. सी हसूना सांगत होते, "हात सरळ, फिरवू नका," आणि तो "हो, हो, कळलं" म्हणत होता, तुझ्या काकांसारखा अगदी. त्यांना तो काही म्हणून हाक मारत नव्हता, नुसतं 'ऐका' म्हणत होता. चालेल. नऊ नंबरापर्यंत झाल्यावर मी म्हटलं, "पांढरा संपला. उरलेले पुढच्या रविवारी होतील, इब्तिसामकडून मागवावा लागेल."

संपला नव्हता. एक अख्खा रोल पलंगाखाली आहे, अनीस बसला होता त्याच्याच खाली. तू फोनवर त्याला काही बोलू नकोस.

तो उठला. सी हसूनांशी हात मिळवला. दारात माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि माझ्या कानाशी म्हणाला, "आई, व्हिनाइलचा रोल आडवा ठेवला तर दबतो. पलंगाखालून काढ आणि उभा ठेव."

आणि उरलेल्या शर्टांची पिशवी तिथंच ठेवून गेला.

तुझी मावशी
नजिया